चांदीच्या जागी माझं नाव

दाजी आखातात, बुदय्या गावाच्या बाजूला हाशिम नावाच्या अरबाच्या गोठ्यावर कामाला होते. मूळचे अमरावतीकडचे, महानुभाव पंथातले. शहात्तर साली आम्ही तिथल्याच मनामा शहरात राहायला आलो, तेव्हापासून गोठ्याच्या पिकअपमधून आमच्याकडे दूध तेच आणत. सगळ्यांना अहो-जाहो करत. गाईलासुद्धा. "चांदीबाई, सरका बरं," असं म्हणताना मी स्वतः ऐकलंय.

धार काढण्याआधी ते चांदीजवळ गप्प बसत. जप नाही, पुटपुटणं नाही. तेवढा वेळ हाशिमही 'यल्ला, यल्ला' करून घाई करत नसे. त्या गप्प बसण्यातून त्यांना ओळी सुचत. लिहिता येत नव्हतं. दूध मापता मापता ते म्हणायचे आणि मी किराण्याच्या वहीत उतरवून घ्यायची.

खजुराच्या छायी । नाही हिरवळ ।
तरी रोज कळ । चरायाची ॥

अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव यायचं, ही आपली रीत. दाजींच्या शेवटी गाईचं यायचं.

चांदी म्हणे बापा । परका हा चारा ।
दुधाला ना वारा । परक्याचा ॥

"दाजी, तुमचं नाव घाला की!"

"मी कोन, बाई? चांदीनं सांगतलं, मी आयकलं."

ऐंशीच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका निघणार होती. सेक्रेटरी लीना मागे लागली, "मथुराताई, तुम्ही मराठी शाळेतल्या ना? द्या काहीतरी." त्या बँकवाल्यांच्या बायकांत मला कधी कोणी काही मागितलं नव्हतं. घरी येऊन वही उघडली. दाजी गणपतीला यायचे नाहीत, त्यांच्या पंथात ते बसत नाही. कळणार कोणाला? चांदी खोडलं, मथुरा लिहिलं.

एक अक्षर वाढलं. स्टेजवर म्हणताना तिथेच अडखळले. तरी टाळ्या पडल्या.

"चारा काय हो मथुराताई, खुबूस म्हणा!" लीना ओरडली. इथल्या अरबी रोटीचं नाव ऐकून सगळे हसले. मीही हसले, गणपतीसमोर उभी राहून.

पुढच्या वर्षी दाजींची कंबर गेली. हाशिमने त्यांना कायमचं घरी पाठवायचं ठरवलं. निरोप घ्यायला आले, दारातूनच "दंडवत" म्हणाले.

"ते चांदीचं छापून आलं म्हनते. वाचा ना एकडाव."

स्मरणिका काढली. छापलं होतं मथुरा, मी वाचलं चांदी. न अडखळता. दाजी डोळे मिटून ऐकत होते.

"नाव आलं त्यांचं," ते म्हणाले. "हे पुस्तक मले देता का? माही शेवंती वाचते चांगलं."

आत मथुरा छापलेलं होतं, तरी माझ्याच हाताने दिलं.

दोन महिन्यांनी शेवंतीचं साधं पाकीट आलं, आत चार ओळी. 'बाबा रोज ऐकतात. मी चांदी म्हणूनच वाचते. तुमचं नाव त्यांना सांगितलेलं नाही. काळजी नसावी.'

जिचा चेहराही मी पाहिलेला नाही, ती पोर माझ्यापायी बापाशी रोज खोटं बोलत होती. त्या पाकिटाला मी उत्तर लिहिलं नाही.

यंदा लीनाने स्मरणिकेसाठी पुन्हा साहित्य मागितलं, म्हणून हे देते आहे. ऐंशीच्या स्मरणिकेतला तो अभंग दाजींचा आहे. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांनी मथुरा खोडावं आणि चांदी लिहावं.