धोंड्याच्या दिवशी पाणी आलं

आमच्या घरात पूर शिरला, तेव्हा घरात प्यायला पाणी नव्हतं.

अकोल्याबाहेरच्या माणसाला हे पटायला जरा जड जातं. नाल्याकाठच्या आमच्या वस्तीत उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. ते कधी येईल हे कोणाला सांगता येत नाही, आणि आलं की हातातलं काम टाकून सगळ्यांनी धावायचं. त्यातही जोर इतका कमी, की वर तोटीपर्यंत ते चढतच नाही. म्हणून प्रत्येकानं दारासमोर कमरेइतका खड्डा खणून तोटी त्याच्या तळाशी बसवलेली आहे. पाणी आलं की घरातल्या एकानं खड्ड्यात उतरायचं. आमच्या घरी हा मान माझा. (मी शाळेत भूगोल शिकवतो. घरात मला दुसरं काही जमत नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. अशा बावळट माणसाला आमच्या वऱ्हाडात ‘बयताड’ म्हणतात.)

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला, आणि लेकीच्या लग्नानंतरचा तो पहिलाच. म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण! त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, अनारसे द्यायचे. आमचे मंगेशराव अमरावतीचे, नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात नोकरीला, आणि बोलायला इतके कमी, की लग्नात बायांनी ‘नाव घ्या, नाव घ्या’ म्हणून घेरलं तर नुसतं ‘पल्लवी’ म्हणाले आणि खाली बसले! आपल्या सासऱ्याबद्दल या माणसाचं मत काय, हे लग्नापासून मला कळलेलं नव्हतं. या एका दिवशी ते चांगलं व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि नेमका त्याच सकाळी नळ कोरडा!

“अवो, जवायाचे पाय कायनं धुता?” सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, रिकामा ड्रम वाजवून विचारलं. “तुमच्या भूगोलानं?”

“येईन ना पानी. आज आपल्या वस्तीचा नंबर हाये.”

“आन नाई आलं तं?”

“मंग शेजारून बाबारावकडून बादलीभर आनू.”

“मांगून आनलेल्या पान्यानं जवायाचे पाय धुता? काई लाज?”

दुपारी लेक-जावई आले. त्यांच्या मागोमाग काळंकुट्ट आभाळही आलं. मंगेशराव खुर्चीवर टेकले, खिडकीतून वर पाहिलं आणि चक्क बोलले, “मामाजी, आभाळ लय भरलं.”

जावई आपणहून बोलले, याचा मला इतका आनंद झाला की मी त्यांचा अख्खा तासच घेतला. वारे, बाष्प, कमी दाबाचा पट्टा, सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, “आपल्या इकडं मे महिन्यात पाऊस पडत नाई, जवाईबुवा. फार तं चार शिंतोडे!” सुनंदा पन्हाळीखाली बादल्या मांडायला निघाली होती, तिलाही मी अडवलं. चार शिंतोड्यांसाठी बादल्या कशाला खराब करायच्या?

मग जे शिंतोडे पडले म्हणता! वीज गेली, समोरचं घर दिसेना, टिनांवरच्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. मी तरी ‘आता थांबते, आता थांबते’ असं सगळ्यांना धीर देत होतो. तेवढ्यात शेजारच्या माडीवरून बाबाराव ओरडले, “मास्तर! पानी आलं! पानी आलं वो!”

आता उन्हाळ्यात आमच्याकडे या दोन शब्दांचा एकच अर्थ होतो. आभाळातून पडतो तो पाऊस. पाणी ते नळाचं! मी नव्या सदऱ्यानिशी धावलो आणि भर पावसात खड्ड्यात उडी मारली. गुडघाभर पाणी होतं!

“आलं! सुनंदे, आलं! काय जोर हाये बाप्पा!”

“अवो, पन हे काळं दिसून राह्यलं!”

“पह्यलं पानी तसंच येते! तू बादल्या आन, नाईतं जाईन!”

मंगेशराव उठले. पँट वर दुमडली, बादली घेतली आणि खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. मी भरून द्यायचो, ते पल्लवीला द्यायचे, पल्लवी आत नेऊन ओतायची. ड्रम भरला. दुसरा भरला. हंडे, घागरी, पिंप भरलं. कूलरची टाकी भरली. सुनंदानं कुकरसुद्धा पुढे केला! (बाई हावरट नाही, पण पाण्याच्या बाबतीत आमच्याकडे कोणाचाच भरवसा देता येत नाही.) आणि नवल म्हणजे, मी कितीही उपसलं तरी खड्ड्यातलं पाणी कमी होईना. उलट ते माझ्या कमरेपर्यंत चढलं. जन्मात कधी नळाला एवढा जोर पाहिला नव्हता. मला अगदी भरून आलं.

तेवढ्यात एक चप्पल वाहत आली. नळातून चप्पल कशी आली, याचा मी विचार करत होतो (कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली असावी, असा माझा अंदाज होता), तोवर एक प्लास्टिकची खुर्ची आली.

“अरे मास्तर!” माडीवरून बाबाराव किंचाळले. “नळाचं नाई, नाल्याचं पानी आलं! खड्ड्यात काय करून राह्यले? घर सांभाळा!”

“मंग तसं सांगाचं ना!”

“मंग इतक्या वेळचा काय मी गानं म्हनून राह्यलो?”

मी मंगेशरावांकडे पाहिलं. ते भरलेली बादली हातात घेऊन शांत उभे होते.

“जवाईबुवा, तुमाले समजलं नवतं?”

“समजलं होतं, मामाजी,” ते खाली पाहत म्हणाले. “पन मले वाटलं, तुमच्या इकडं पद्धत असन.”

एवढ्यात नाला उंबरा ओलांडून आत गेला. आम्ही बादली बादलीनं जे आत नेत होतो, ते आता आपल्या पायानं निघालं! जावयासाठी मांडलेला पाट तरंगत आम्हाला दारात सामोरा आला. सुनंदानं अनारशांचा डबा डोक्यावर घेतला, पल्लवीनं पुरणाचं पातेलं, मंगेशरावांनी गहू भरलेलं पोतं. माझ्या हातात कुकर होता, तोही नाल्याच्या पाण्यानं भरलेला. अशी वरात बाबारावांच्या माडीवर चढली.

“धोंडा आजच व्हाईन!” सुनंदानं वर पोचताच जाहीर केलं. “पह्यल्या धोंड्याले जवाई उपाशी जाईन तं मी तोंड कुठं दाखवू?”

माडीच्या पन्हाळीखाली बाबारावांच्या बादल्या भरभरून वाहत होत्या. (त्यांना कोणी भूगोल शिकवलेला नाही.) शेजारचं की आभाळाचं, याचा विचार आता कोणी केला नाही. एरवी जावयाचे पाय नावापुरते धुवायचे असतात; चार थेंब टाकले, पुसले, झालं. पण मंगेशरावांच्या पायांना गुडघ्यापर्यंत काळ्या मातीचा लेप बसलेला! मी साबण मागितला, मग कपड्यांचा ब्रश मागितला आणि मांडी घालून घासायलाच बसलो. तळव्याला ब्रश लागला मात्र, आमचा मुका जावई जो खदखदून हसायला लागला! “मामाजी, नोका! मामाजी, गुदगुल्या होतेत!” ते पाय ओढत, मी सोडेना, पाट मागे सरके, पल्लवी हसून हसून भिंतीला टेकली, सुनंदाच्या हातातला तांब्या निसटून माझ्याच डोक्यावर पडला. खाली घरात नाला होता आणि वर आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. खरं सांगतो, लेकीच्या लग्नातही मला एवढा आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी पाणी उतरलं. मंगेशरावांनी रजा वाढवली, आमच्याबरोबर घरातला गाळ काढला, आणि अनारसे घेऊनच अमरावतीला गेले.

मग व्याह्यांचा फोन आला. “मास्तर, काय जादू केली? पोरगं घरी आल्यापासून तुमच्याच गोष्टी सांगून राह्यलं! इतकं बोलतानी आमी त्याले कधी पाह्यलं नाई.”

माझा ऊर भरून आला. “काय म्हनतेत माह्याबद्दल?”

“म्हनते, माहा सासरा लय भोळा मानूस हाये!”

मी ही गोष्ट शाळेच्या शिपायापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली. शेवटी सुनंदानं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“अवो, पुरं झालं आता! जवायाच्या तोंडून ‘बयताड’ शब्द निघाला नाई, म्हनून ‘भोळा’ म्हनला थो!”

जावई संस्कारी मिळाला, हे तेव्हा मला खऱ्या अर्थानं पटलं.