उत्तर अपेक्षित नाही

"वांगी तोडणाऱ्या पोरीला हे इंग्रजी घेऊन करायचंय काय?"

सरांनी भर वर्गात विचारलं. माझ्याकडे बोट दाखवून. एम.ए.चे सुरुवातीचे दिवस होते. मी उत्तर द्यायला उठले. सरांनी हातानंच खाली बसवलं.

"तू बस. ह्याला म्हणतात रेटॉरिकल क्वेश्चन. उत्तर अपेक्षित नसतं. लिहून घ्या."

सगळे हसले आणि सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. त्या वर्गाला हसायला काहीही पुरतं, त्याचं मला काही नाही. पण माझाच अपमान मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला, ह्याची अजून चीड येते.

सर म्हणजे वर्ध्यातलं मोठं प्रस्थ. इथल्या उन्हातही कोट. शिकवतात काय, तर सक्रिय वाचन. वाचताना लेखकाला अडवा. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, काय गृहीत धरून बोलतंय, ते विचारा. हे सगळं पिवळ्या पडलेल्या कागदांवरून सांगायचं. मध्येच कुणी शंका काढली की, "आधी लिहून घे." असलं हे सक्रिय.

संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर भाजीच्या टोपलीचं स्टिकर आलं. खाली सरांचं वाक्य. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं. "मराठी घे. तुझ्यासारख्यांना तेच झेपतं." मराठीचाही पाणउतारा झाला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. चाचणीत नापास झाले तर विषय बदलायचा, असं त्यांनी सांगूनच टाकलं.

सुट्टीत नाचणगावला घरी गेले. आईबरोबर पुलगावच्या बाजारात भाजी घेऊन बसले. गॉगल लावलेल्या एका बाईनं वांगं उचललं, नाक मुरडलं. "ही काय वांगी आहेत?"

"वांगेच होय बाई," आई म्हणाली. "तुमाले काय दिसून राह्यलं?"

बाईनं गुपचूप पिशवी पुढे केली. मला हसू आलं. मग मी आईला सरांचा प्रश्न सांगितला.

"मंग तू काय सांगतलं?"

"काई नाई. त्याचं उत्तर द्याचं नसते म्हणे."

"काऊन? इचारलं तं त्यानंच ना?"

आणि ती भाजीवर पाणी शिंपडायला लागली.

चाचणीत प्रश्न आला. रेटॉरिकल क्वेश्चनचं उदाहरण देऊन विश्लेषण करा. अख्ख्या वर्गानं सरांचंच वाक्य लिहिलं. मीही तेच लिहिलं. मग त्याला सरांचीच पद्धत लावली, इंग्रजीत. बोलतंय कोण? आयती वांगी खाणारा माणूस. कुणाशी? दाखवायला माझ्याशी, खरं तर हसणाऱ्यांशी. गृहीत काय? की मी गप्प बसेन. शेवटी त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही लिहिलं. इंग्रजी घेऊन मला हेच करायचं होतं सर, तुमच्यासारख्यांची वाक्यं नीट वाचायची होती.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. तपासलेले पेपर आता विभागप्रमुख बघणार होते, म्हणून आवाज एकदम मवाळ.

"हे पान बदल. एखादं साधं उदाहरण लिही. पास करतो."

भर वर्गात बोट दाखवणारा माणूस, आणि एका पानाला भ्यायला. कीव करण्याइतकीही किंमत उरली नाही माझ्या लेखी. कॉलेजात मी घासूनपुसून बोलते. त्या दिवशी घरच्या बोलीतच बोलले.

"नाई बदलत सर. नापास करा. फक्त काऊन केलं, ते खाली लिहा."

कोट झटकत ते उभे राहिले. "तू स्वतःला समजतेस कोण?"

पुन्हा तसलाच प्रश्न. मी समोरची खुर्ची ओढली. बसले. आणि उत्तर द्यायला सुरुवात केली.

निकाल अजून लागायचा आहे. पडायचे तेवढे मार्क पडोत, विषय मी बदलणार नाही. आणि ह्यापुढे मला कुणीही काहीही विचारलं, तर उत्तर मिळेल. अपेक्षित असो वा नसो.