दांडा धक्क्यावर राहिला

माझे आतोबा कुलपं-किल्ल्यांचे कारागीर, आणि कुठल्याही कुलपावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. उघडता न येणारं कुलूप त्यांना अजून भेटलेलं नाही, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू चोरीला जाणारच असं ते धरून चालतात. त्यांच्या छोट्या शिडाच्या होडीला म्हणूनच कुलूप नाही. होडी धक्क्याला बांधली की ते सुकाणूचा लाकडी दांडा उपसतात, काखेत मारतात आणि घरी आणतात. "न्यायची त्यानं खुशाल न्यावी," म्हणतात, "वळवणार कशानं?" दारामागे छत्र्यांच्या शेजारी तो दांडा उभा असतो. आत्या त्याच्यावर ओले मोजे वाळत घालते.

दर रविवारी दोघं होडी घेऊन जात. आतोबा मागे दांडा धरून बसत आणि आत्या उरलेलं सगळं करी. शिडं चढवायची, दोऱ्या ओढायच्या, सोडायच्या, होडी कलली की तिच्या दुसऱ्या कडेवर जाऊन बसायचं. फाटलेलं शीड घरी आणून मशीनवर शिवायचं तेही तिनंच. ती पडदे शिवते, त्यामुळे मोठ्या शिडाच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी दिवाणखान्यातली पिवळी फुलं आहेत. आतोबांच्या तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. "ओढ. सोड. अगं, आत्ता नाही. हं, आत्ता."

घरी आल्यावर आतोबांच्या गोष्टी रंगायच्या. धुक्यात नुसत्या आवाजावरून धक्का कसा गाठला, डॉल्फिन होडीला चिकटून कसे पोहत आले, वारा पडल्यावर भरतीच्या पाण्यावर अलगद खाडीत कसे शिरले. "हौशी माणसानं हे एकदा तरी अनुभवलं पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा प्रत्येक गोष्टीत "मी" असायचा. आत्या चहा गाळत असायची.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतोबांना सुकाणू धरायची मनाई केली. पाण्यावरच्या झळाळीत त्यांना समोरचं दिसेनासं झालं होतं. त्यांनी परस्पर होडी विकायचं ठरवलं. पलीकडच्या काठावर माणसं पोचवणाऱ्या लाँचवाल्याला ती जावयासाठी हवीच होती. जेवताना आतोबांनी हे असं सांगितलं, जणू जुनी खुर्ची काढून टाकायची आहे. मी तिथेच होते. मला त्यांचा राग आला, आणि आत्याच्या तोंडाकडे बघून वाईटही वाटलं.

"विकायची नाही," आत्या म्हणाली. "मी नेईन."

"तू? दांड्याला कधी हात तरी लावलायस?"

"मोजे कोण वाळत घालतं?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की येत्या रविवारी आत्यानं एकटीनं पांढऱ्या खडकाला वळसा घालून यायचं. कुणाची मदत न घेता आली तर होडी राहील, नाहीतर ती लाँचवाल्याची. पांढरा खडक म्हणजे धक्क्यावरून समोर दिसणारा, पक्ष्यांनी रंगवलेला दगड.

मला होडीत बसलं की मळमळतं, म्हणून मी आत्याच्या बाजूनं, पण धक्क्यावर. आतोबांनी त्या दिवशी कहरच केला. वारा कुठला, लाट कुठली, कुठे ओढ, कुठे सोड, आत्या शिडं चढवेपर्यंत यांची उजळणी संपेना. शेवटी ती म्हणाली, "अहो, सोडा आता." त्यांनी दोरी सोडली, पायानं होडी ढकलली आणि हात हलवून निरोप दिला. हलवलेल्या हातात सुकाणूचा दांडा होता.

इतकी वर्षं होडी सोडून ते स्वतः आत उडी मारायचे आणि मग दांडा बसवायचे. आज उडी मारायची नव्हती, म्हणून बसवायचा राहिला. हे त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. तोपर्यंत शिडांत वारा भरला होता.

आतोबांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी तिला मोकळ्या सुकाणूवर सोडलं," ते एवढंच पुटपुटत राहिले. मघापासून बोलणारा माणूस हाका मारायचंही विसरला होता. मी लाँचवाल्याला बोलावलं आणि मळमळ पोटात ठेवून आतोबांबरोबर लाँचमध्ये चढले.

आम्ही जवळ पोचलो तेव्हा आत्यानं सुकाणू दोरीनं सरळ करकचून बांधून टाकलं होतं आणि ती होडीच्या मध्यावर, दोन्ही हातांत दोन शिडांच्या दोऱ्या घेऊन बसली होती. आतोबांनी वाकून दांडा पुढे केला. "घे. घे लवकर. होडी गेली खड्ड्यात, तू घे."

आत्यानं दांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "एकटीनं जायचं ठरलंय. बाजूला व्हा, तुमच्यामुळे वारा अडतोय."

लाँचवाल्यानं निमूटपणे लाँच मागे घेतली. आत्यानं मागचं मोठं शीड ढिलं केलं, पुढचं छोटं ताणलं, आणि होडीचं नाक हळूच वाऱ्यापासून दूर वळलं. आतोबा मला समजावू लागले, "ते पुढचं ताणलं ना, की होडी तिकडे वळते. आता इकडे वळायला तिनं मोठं..." आत्यानं तोवर मोठं ताणलं होतं आणि वजन होडीच्या दुसऱ्या कडेवर टाकलं होतं. ते मध्येच थांबले. मग ती जे करत होती ते फक्त बघत राहिले, डोळे बारीक करून, त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं.

वळण काही देखणं नव्हतं. एकदा होडी वाऱ्यात नाक खुपसून थांबली आणि मागे मागे सरकू लागली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. आत्यानं छोटं शीड हातानं उलट्या बाजूला धरून ठेवलं, वारा त्यात भरेपर्यंत. पक्षी ओरडत उठले. पिवळी फुलं खडकाच्या मागे गेली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. आमच्या जिवात जीव आला. लाँचवाला म्हणाला, "चला, जावयाला दुसरं काहीतरी बघतो."

धक्क्याला ती लागली ती जरा आपटूनच. आतोबांनी दोरी झेलून बांधली.

"तुला हे येतं, हे कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही गप्प कधी होतात?" ती हसत होती, आणि तिचे डोळे भरले होते. मग तिनं हात पुढे केला. "द्या तो दांडा. तुम्ही पिशवी घ्या."

दांडा काखेत मारून ती पुढे चालू लागली. पिशवी घेऊन आतोबा मागे, त्यांच्या मागे मी. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी मला नेशील?"

"बघू. तोंड बंद ठेवणार असाल तर."

घर येईपर्यंत आतोबा एक शब्द बोलले नाहीत. सराव करत होते.