ढोलीतला राजा

कार्तिक महिना, १९५५, आमच्या गावच्या मंडईचा दिवस. मी परसात वड्यांसाठी उडदाची डाळ वाटत होते. दिवाळी सरली की दवनीवाड्याकडच्या गावांत एकेका दिवशी मंडईची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि दुपारी चौकात गाण्या-सोंगांची दंडार होते. आमच्या दंडारीत घरधनी राजा व्हायचे. त्यांचा आवाज जाड, खर्जातला. तलावाच्या पाळीवरून हाक दिली की धानाच्या शेवटच्या बांधीतला माणूस मान वर करायचा.

त्या वर्षी दंडारीच्या मंडळींनी गोंदियाहून लाऊडस्पीकर आणवला. मागल्या वर्षी शेजारच्या गावात लागला होता, मग आमच्याकडे नको का? सकाळीच तो तपासायला घरधन्यांना माईकपुढे उभं केलं.

चौकातून किंकाळी आली. मला वाटलं, कोणाची शेळी कुत्र्यानं धरली. मग शब्द कळले. ते राजाचं पद होतं. भरल्या हातांनीच मी धावले. घरधनी तोंड उघडं ठेवून थांबले होते आणि झाडावरच्या भोंग्याकडे बघत होते.

"हा मी आहो का?"

"राजा पळाला, राणी आली वो!" कोणीतरी ओरडलं. चौक हसून लोळला.

घरधनी घरी आले आणि मुकुट खाटेवर टाकला. "मी नाही गात. शेळीच गावू दे."

"मंग माईक काढा."

"मंडळी काढू देत नाही. माह्यावर सारा गाव हासून राहिला, मी उभा काऊन राहू?"

राजा नाही तर दंडार नाही. पाहुणे यायला निघाले होते. मी हात धुतले आणि चौकात गेले. मशीनवाला गोंदियाचा, हिंदी बोलणारा.

"आवाज कमी कर ना भाऊ."

"बाई, फुल पे रखना पड़ेगा. मंडई में सुनेगा कौन?"

त्यानं दंडारीतल्या दुसऱ्या एकाला गायला लावून बटन उतरवून दाखवलं. कमी आवाजात पद नीट यायचं, पण खेळणीवाल्यांच्या पिपाण्यांत बुडून जायचं. बटन चढवलं की पुन्हा शेळी, आणि वरून अशी शिट्टी की एका बैलानं दावं तोडलं. गाणाऱ्याला माईकपासून मागे सरकवून पाहिलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. जोर वाढला की आवाजाचं अंग जायचं, नुसतं टोक उरायचं.

तेव्हा मला आमची ढोली आठवली. बांबूची, माती-शेणानं लिंपलेली, धान ठेवायची, माणूस आत उभा मावेल एवढी. नवा धान अजून खळ्यावर होता, म्हणून ती रिकामी होती. दिवाळीआधी झाडायला मी आत उतरले होते आणि आतून जावेला खराटा मागितला, तर ती दचकली होती. "माय वो! बाई, तुमी बोलल्या का मामाजी?" ढोलीत माझा आवाज सासऱ्यांसारखा जाड झाला होता.

चौघांनी ढोली आणून बैलबंडीवर आडवी घातली. मी भोंगा आत ठेवायला लावला, तोंड बुडाकडे.

"ये क्या पागलपन है?" मशीनवाला ओरडला. "भोंगे को कोठी में कौन बंद करता है?"

"तू बटन फिरव."

घरधन्यांना ओढूनच आणावं लागलं. त्यांनी खाली बघत पहिली ओळ म्हटली. पायाखालची माती घुमत होती. पिपाण्या थांबल्या. एका म्हातारीनं बंडीला हात जोडले. ढोलीचं लिंपण पोपडे होऊन गळत होतं, तरी मशीनवाल्यानं बटन आणखी चढवलं आणि आवाज फाटला नाही.

सगळे खूश. मी मात्र नाही. शेळी गेली होती, पण माझा माणूसही त्यात नव्हता. विहिरीच्या तळातून कोणी तिसराच गात होता, घरधन्यांपेक्षा मोठा, वयानंही. आणि घरधनी मान उंच करून त्याला ऐकत होते, आपलाच म्हणून.

संध्याकाळी शेजारच्या गावचे पाहुणे वडे खाता खाता म्हणाले, "परवा आमच्या मंडईले राजा पाठवा. अन् ढोली बी पाठवा!"

सगळे हसले. घरधनी हसले नाहीत. "ढोलीबिगर मी आता गात नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करत असतील. चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. पाळीवरून हाक देणारा माणूस हे बोलत होता.

"अन् खळ्यावरचा धान कुठं ठेवू?" मी विचारलं. "तुमच्या मुकुटात?"

"पोत्यात ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठायच्या आत मी शेण-माती कालवली, अंगणात उभ्या केलेल्या ढोलीत उतरले आणि बुडापासून कडेपर्यंत लिंपणाचा जाड हात दिला. ओली ढोली कोणी बंडीवर चढवत नाही.