अर्थनारीच्या लॉरीचा फिल्टर

नामक्कलला सेलम रोडवर माझं सोनं गाळायचं दुकान आहे. आमची विट्याकडची माणसं या धंद्यापायी कुठं कुठं जाऊन बसलीत. मी इथं बसलो आणि इथलाच झालो. शेजारी सेंगोडनचं लॉरीच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस बोलका, पान खाऊन गिऱ्हाइकाची फिरकी घेणारा. हे अर्थनारी जायच्या आधीचं.

अर्थनारी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. लॉरी स्वतःची आणि ड्रायव्हरही स्वतःच. अंडी घेऊन बंगळूरला जायचा, येताना मिळेल तो माल भरायचा. एका परतीच्या खेपेला तोप्पूरच्या घाटात, उतारावरच इंजिन जाम झालं. मागची चाकं जागीच आवळली, लॉरी घसरली आणि कठडा तोडून खाली गेली. अर्थनारी जागीच गेला. मोडकी लॉरी पोलिसांकडून सुटून आली तेव्हा मेस्त्री इंजिनाकडं बघून एवढंच म्हणाला, "तेल पोचलं नाही, नाहीतर घाण तेल पोचलं."

त्या लॉरीचा ऑइल फिल्टर सेंगोडननं दिलेला. नव्याच कुठल्यातरी कंपनीचा माल आला होता, त्यातला. डबा खोक्यातून काढला, वर पुसला आणि "ने, चांगलाय" म्हणून हातात ठेवला. आत काय आहे ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. कोण बघतं? त्याला कुणी बोल लावला नाही, पण मेस्त्रीचं ते वाक्य त्याच्या डोक्यात जे शिरलं ते निघालंच नाही.

मग तो फिल्टर कापायला लागला. नवे, जुने, जो हातात येईल तो. करवत लावायचा नाही. करवतीचा कीस आत पडतो आणि खोटंच चमकतं, म्हणायचा. डबा उघडायच्या चाकासारखी एक कात्री त्यानं करून घेतली होती. झाकण सोडवायचा, आतला कागद बाहेर काढून चुण्या उलगडायचा आणि उन्हात धरायचा.

"शेट, हे बघा. या कागदाला चुण्या दाट, टोकाला पत्र्याची चकती. आणि हा बघा, चुण्या विरळ, टोकाला नुसता पुठ्ठा. गरम तेलात डिंक सुटला की इथनं घाण सरळ आत."

"आणि हे रबर?"

"गाडी बंद असताना तेल खाली उतरू नये म्हणून. हे मऊ पाहिजे. हे बघा, चामड्यासारखं वाळलंय. सकाळी गाडी सुरू केली की इंजिन कोरडंच फिरतं." तेलात काजळी कालवून तो एकेका कागदातून गाळायचा. खाली काय उतरलं ते काचेच्या ग्लासात बघत तासन् तास बसायचा.

बाजारात चेष्टा व्हायची. "सेंगोडन डॉक्टर झालाय, पण मढ्यांचाच!" आधीचा सेंगोडन अशा बोलण्याला दुप्पट परतफेड करायचा. आता तो वरही बघायचा नाही.

एकदा भर दुपारी दुकानात कुणी नसताना तो हलक्या आवाजात बोलताना मला ऐकू आला.

"कुणाशी बोलतोस रे?"

"अर्थनारीशी," तो सरळ म्हणाला. "येतो रोज. इथं कोपर टेकून उभा राहतो आणि विचारतो, 'कुठला चांगला, सेंगोडा?' मी सांगतो. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच विचारतो."

त्याच्या गल्ल्यापुढची ती जागा मी त्या दिवसापासून टाळायला लागलो.

अर्थनारीचं इंजिन त्याच्याच अंगणात चिंचेखाली पडून होतं. त्याची बायको, पावायी, इंजिनाला कुणाला हात लावू देत नव्हती. एक दिवस तीच आली. अर्थनारीच्या लुंगीत गुंडाळलेला फिल्टर तिनं गल्ल्यावर ठेवला.

"अण्णा, सगळ्या दुनियेचे फिल्टर कापलेस म्हणं. हा का नाही कापलास?"

सेंगोडन मागं सरला. "भ्या वाटतं, पावायी."

"मला वाटत नाही? घरात निजले की लॉरी दारात येऊन उभी राहिल्यागत वाटतं. उठून बघते तर काही नसतं. काप."

त्यानं कापला. डबा मी धरला. रबर मऊ होतं, स्प्रिंग जागेवर होती. कागद कुठं फाटला नव्हता, डिंक कुठं सुटला नव्हता. सेंगोडनच्या तोंडून श्वास सुटला. मग त्यानं चुण्या उलगडून कागद उन्हात धरला. सगळ्या घड्यांत बारीक, पांढरट चमक भरलेली.

"शेट, ही तुमची विद्या."

मी लोहचुंबक फिरवलं. काही उचललं नाही. कीस धुऊन मुशीत घातला. जरा आच लागताच वितळून करड्या थेंबाएवढा झाला. "लोखंड नाही," मी म्हणालो. "कथील-शिशाच्या जातीचं, मऊ."

"इंजिनातल्या बेअरिंगवरचा मऊ थर," सेंगोडन खाली बसत म्हणाला. "फिल्टरनं अडवायचं तेवढं अडवलं. हा असा कीस एका दिवसात येत नाही. कितीतरी आठवडे झिजत होतं ते. ठक ठक असा आवाज येतो, ड्रायव्हरला ऐकू..."

पावायी कागदाकडंच बघत होती. "शेवटी शेवटी गाणी फार मोठ्यानं लावायचा," ती म्हणाली. "मी ओरडायचे, कान फुटतील म्हणून. तिरुचेंगोडच्या जत्रेला मला लॉरीतनं नेलं नाही, बसनं पाठवलं. मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी." मग म्हणाली, "ठाऊक होतं त्याला."

लुंगी तेवढी घडी करून ती घेऊन गेली. त्याच आठवड्यात तिनं इंजिन भंगारवाल्याला देऊन टाकलं.

मला वाटलं, आता सेंगोडन सुटला. एकदा विचारलंही, "अजून येतो का रे?"

"येतो. पण आता विचारत नाही काही. नुसता उभा राहतो, मान खाली घालून. शेट, विचारत होता तेच बरं होतं."

कापाकापी थांबली. आता गिऱ्हाईक फिल्टर मागायला आलं की सेंगोडन आधी रस्त्यावर जातो. लॉरी चालूच ठेवायला सांगतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो आणि मूठ कानाला लावून ऐकतो. काही वावगं वाटलं तर फिल्टर देतच नाही. "आधी इंजिन उघड," म्हणतो. ड्रायव्हर शिव्या घालून पलीकडच्या दुकानात जातात. माल धूळ खात पडलाय.

परवा एक तरणा ड्रायव्हर वैतागून ओरडला, "अहो, गाडीत काही नाहीये! सोडा ना लवकर!"

"ते गाणं बंद कर आधी," सेंगोडन म्हणाला, आणि डोळे मिटून वाकला.