चाफ्याचा वास नसलेला हात

लेकीला डोळे तपासायला वसईला आणलंय. डॉक्टरांनी हात धुतले, साबणाचा वास आला आणि मी लेकीचा हात धरला.

मी सहा वर्षांची होते. हातभर लांबचं सगळं धुकंच, आणि चष्मा मी तोंडावर टिकूच द्यायची नाही. म्हणून डोळ्यात भिंग बसवायचं ठरलं. उमेळ्याच्या आमच्या वाडीत आई पहाटे सोनचाफा खुडायची. हाताच्या वासावरून मी तिला ओळखायचे.

भूल चढेपर्यंत आईला माझ्यासोबत आत येऊ देणार होते, पण आधी तिला साबणाने हात धुवायला लावले. मग एका हिरव्या आकृतीने माझा हात धरला. चाफ्याचा वास नव्हता.

"आई कुठंय?" मी किंचाळले.

"अगं, मीच आहे ना!" तोंडावरच्या फडक्यातून आवाज घोगरा आला. मी हात झटकला. झटकलेला तो आईचा हात आज, लेकीजवळ बसल्यावर, मला माझाच वाटतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पार दाराशी एक बाई स्पष्ट दिसली, तोंडाला पदर लावून रडणारी. मला वाटलं, कुणाची तरी आई असेल.