धुतलेली ढोलकी

आबांनी मढवलेल्या नव्या ढोलकीवर पुजाऱ्यानं तांब्याभर पाणी ओतलं. आमच्या देखत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आबा, म्हणजे माझा बाप, देवळाच्या पायरीखाली हात जोडून उभा.

"तुमचा हात लागला ना, शुद्ध करून घ्यावी लागते," पुजारी म्हणाला.

आता कातडं ओलं झालं की वाजेल का हो? संध्याकाळी भजन सुरू झालं आणि ढोलकीतून नुसतं थप, थप. ओल्या गोधडीवर काठी मारावी तसं. टाळकरी हसले. पुजारी बाहेर बघून ओरडला, "काय रे, काम येतं का तुला?"

आबानं ढोलकी घरी आणली, पुन्हा मढवली. दर सप्ताहाला हेच. ते ओतायचे, हा मढवायचा.

त्या वर्षी, त्याच आठवड्यात पारोळ्याजवळच्या एका दर्ग्यात आबानं ढोलक पोचवली. मी सोबत होते, जाळीबाहेर, बायकांत. म्हाताऱ्या कव्वालानं ढोलक आबाच्या हातातून घेतली, कपाळाला लावली, "बैठो उस्ताद" म्हणाला आणि थाप मारली. अंगावर काटा आला माझ्या. गाणं उर्दूतलं, शब्द एक कळला नाही. पण आबा रडत होता, तोंडावर हात धरून. तेव्हा मला कळलं, बापाचं काम चोख होतं. कायम चोख होतं.

आबा गेला त्याला वर्षं झाली. कव्वालाची थाप आठवू म्हटलं तर येत नाही. ते थप, थप मात्र येतं. भाकरी थापताना येतं, आरतीत येतं. आणि त्यामागे आबा उभा, हात जोडून.

मी ते काम आबाचं बघून बघून शिकले. यंदा सप्ताहाआधी मंदिराचा कारभार बघणारे नाना फुटकी ढोलकी घेऊन दारात.

"अक्का, मढी दे वं. बठ्ठं गाव वाट देखी राह्यनं."

"पानी टाकशात का?"

नाना हसले. "रिवाज शे ना अक्का तो."

"मंग ली जा." फुटकी ढोलकी तशीच परत दिली मी.

यंदा भजन टाळ्यांवर झालं. मी घरात बसून ऐकलं, ओठ हलत होते माझे. ती भजनं मलाही पाठ आहेत हो. जीव तुटला. तरी उठले नाही.

पोरीला आता मढवायला शिकवतेय. कातड्याची वादी ओढायला नंतर. आधी नाही म्हणायला.